पक्षाविना सभागृह: सौदी अरबस्तानच्या मजलिसकडे पाहताना

एलातच्या किनाऱ्यावर संध्याकाळी उभे राहिले म्हणजे आखाताच्या दोन्ही बाजूंस डोंगरांच्या रांगा दिसतात. डाव्या हाताला जॉर्डनचे अकाबा, उजव्या हाताला इजिप्तचा ताबा, आणि अकाबाच्याही पलीकडे दक्षिणेस जे डोंगर हवा स्वच्छ असली म्हणजे निळसर दिसतात ते सौदी अरबस्तानचे. बीरशेबा, दिमोना, येरुहाम या गावी स्थायिक झालेली आपली कित्येक कुटुंबे सुटीत मुलाबाळांसह येथे येतात व मुलांना बोटाने हे डोंगर दाखवितात. जो देश नुसत्या डोळ्यांनी दिसतो त्याच्या कारभाराविषयी मात्र आपणांपैकी बहुतेकांना फारशी माहिती नसते. वास्तविक म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड, रेवदंडा या ज्या गावांच्या आठवणी आपले वडीलधारे अद्याप काढतात, त्याच गावांतील मोहल्ल्यांतून तरुण मुसलमान बांधव दोन पिढ्या जेद्दा, रियाध, दम्माम येथे चाकरीसाठी जात आले आहेत. तेव्हा तो देश आपणांस अगदीच परका म्हणता येणार नाही.

त्या देशाकडे आज वाचकांचे लक्ष वेधण्यास एक निमित्त आहे. शब्बाथच्या प्रार्थनेनंतर प्रार्थनालयाच्या ओसरीवर, मलिद्याच्या प्रसंगी, लग्नघरी, जेथे जेथे समाजबांधव एकत्र जमतात तेथे तेथे एक उद्गार आमच्या कानी वारंवार पडतो. "हे पक्ष नकोत, या निवडणुका नकोत. दीडशे शहाणी माणसे नेमावीत आणि त्यांच्या हाती कारभार द्यावा." हा उद्गार काढणाऱ्यांस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. एप्रिल २०१९, सप्टेंबर २०१९, मार्च २०२०, मार्च २०२१ आणि नोव्हेंबर २०२२ अशा चार वर्षांच्या आत पाच सार्वत्रिक निवडणुका या देशाने पाहिल्या. मार्च २०१८ मध्ये पुढील वर्षाचे अंदाजपत्रक मंजूर झाले, त्यानंतर थेट नोव्हेंबर २०२१ मध्ये दुसरे मंजूर झाले. मधल्या काळात नवे अंदाजपत्रक नसल्यामुळे सरकारला जुन्या आकड्याच्या बाराव्या हिश्शाने महिना महिना काढावा लागला. प्रपंच चालविणाऱ्या कोणत्याही गृहिणीस यातील अडचण समजावून सांगण्याची गरज नाही. अशा स्थितीत माणसे विटली तर नवल कसले?

परंतु पक्ष नसलेल्या, निवडणूक नसलेल्या, विद्वानांच्या सभागृहाची ही कल्पना केवळ कल्पना नाही. असे सभागृह त्या निळसर डोंगरांच्या पलीकडे, रियाध येथे, प्रत्यक्ष भरत आहे. तेथे काय घडते हे पाहणे म्हणूनच उद्बोधक ठरेल.

मजलिस अश-शूरा

१ मार्च १९९२ रोजी राजे फहद यांनी राज्याचा मूलभूत कायदा जाहीर केला आणि त्याच दिवशी सल्लागार मंडळाचा, म्हणजे मजलिस अश-शूरेचा, कायदाही जाहीर केला. शूरा या शब्दाचा अर्थ सल्लामसलत असा आहे. राजे अब्दुल अझीझ यांच्या काळी मक्केत या नावाचे एक मंडळ होते; पुढे १९५३ मध्ये मंत्रिमंडळ स्थापन झाल्यावर त्याचे महत्त्व ओसरले. नवे मंडळ १९९३ च्या अखेरीस भरले तेव्हा त्यात एक अध्यक्ष आणि ६० सभासद होते. १९९७ मध्ये ते ९०, २००१ मध्ये १२० आणि २००५ मध्ये १५० झाले. मधल्या चार वर्षांत त्यांची संख्या आपल्या क्नेसेटच्या सभासदांइतकीच, म्हणजे १२०, होती, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

हे सर्व सभासद राजे स्वतः चार वर्षांसाठी नेमतात. त्यांत प्राध्यापक, डॉक्टर, अभियंते, निवृत्त अधिकारी, व्यापारी व धर्मशास्त्री असतात. कित्येकांनी परदेशी विद्यापीठांच्या उच्च पदव्या मिळविलेल्या आहेत. राजकीय पक्ष काढण्यास त्या देशात मनाई आहे. २०११ च्या फेब्रुवारीत काही जणांनी एक पक्ष स्थापन केल्याचे जाहीर केले, तेव्हा थोड्याच दिवसांत त्यांना अटक झाली. मंडळाच्या विषयवार समित्या आहेत, गणसंख्येचा नियम आहे, मतदानही होते. मात्र मंडळाचा ठराव राजांकडे जातो. मंत्रिमंडळ व मंडळ यांचे एकमत झाले तर राजांच्या संमतीने कायदा होतो. मतभेद झाला तर विषय पुन्हा मंडळाकडे येतो, आणि शेवटचा शब्द राजांचा असतो. राज्याचे अंदाजपत्रक नामंजूर करण्याचा अधिकार या मंडळास नाही. म्हणजे अंदाजपत्रकावरून सरकार कोसळण्याची भीती तेथे मुळीच नाही. ओसरीवरील आमच्या मित्रांनी जे मागितले ते जवळजवळ सर्व येथे आहे.

मग तेथे कोंडी होत नाही काय?

एका सभासदाची कथा

२००५ साली मुहम्मद अल-झुल्फा हे या मंडळाचे सभासद होते. इतिहासाचे अभ्यासक असलेले हे गृहस्थ. त्यांनी मंडळापुढे एक प्रश्न आणू इच्छिला. स्त्रियांना मोटार चालविण्याची परवानगी द्यावी की काय, याचा मंडळाने निदान विचार तरी करावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

या प्रश्नास पूर्वेतिहास होता. स्त्रियांनी मोटार चालवू नये असा मंडळाने केलेला कोणताही कायदा नव्हता; परवानाच दिला जात नसे. ६ नोव्हेंबर १९९० रोजी रियाध शहरात ४७ स्त्रियांनी एकत्र येऊन मोटारी चालविल्या. त्यांत कित्येक शिक्षिका व प्राध्यापिका होत्या. त्यांचे पासपोर्ट काढून घेण्यात आले, नोकऱ्यांवरून त्यांना दूर करण्यात आले, आणि मनाई अधिकच घट्ट झाली. परिणामी लाखो घरांतून परदेशी ड्रायव्हर ठेवण्यात येत, त्यांत आपल्या देशातील माणसेही पुष्कळ असत. ज्या घरास ड्रायव्हर परवडत नसे त्या घरातील स्त्रीला दवाखान्यात जावयाचे तर भावाची वा मुलाची वाट पाहावी लागे. अल-झुल्फा यांनी दाखवून दिले की, मनाईस कायद्याचा अगर धर्मग्रंथाचा स्पष्ट आधार नाही, आणि परदेशी ड्रायव्हरांच्या पगारापायी देशाचा अतोनात पैसा जातो. प्रौढ स्त्रियांपासून, काही अटी घालून, आरंभ करावा असेही त्यांनी सुचविले. यापेक्षा सौम्य मागणी क्वचितच कोणी केली असेल.

विषय कामकाजपत्रिकेवर आलाच नाही. सभागृहाबाहेर मात्र गदारोळ उठला. या माणसास मंडळातून काढा, त्याचे नागरिकत्व रद्द करा, इथपर्यंत मागण्या झाल्या. अल-झुल्फा वर्तमानपत्रांतून व दूरचित्रवाणीवरून आपले म्हणणे मांडीत राहिले. ज्या जागी बोलावयाचे म्हणून त्यांची नेमणूक झाली होती, त्या जागी मात्र त्यांना तो प्रश्न घेता आला नाही. लोकप्रतिनिधीची, मग तो निवडलेला असो वा नेमलेला, याहून मोठी निराशा कोणती असेल?

आठ वर्षे लोटली. ११ जानेवारी २०१३ रोजी राजे अब्दुल्ला यांनी मंडळावर प्रथमच ३० स्त्रियांची नेमणूक केली व यापुढे स्त्रियांचे प्रमाण किमान एकपंचमांश राहील असे ठरविले. त्यांच्यासाठी स्वतंत्र दरवाजा व स्वतंत्र आसने नेमून दिली होती, तरी हे पाऊल मोठेच होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लतीफा अश-शालान, हया अल-मनी व मुना अल-मशीत या तीन सभासद भगिनींनी, परिवहन खात्याच्या वार्षिक अहवालावरील चर्चेच्या निमित्ताने, स्त्रियांना मोटार चालवू द्यावी अशी शिफारस लिहून दिली. दोन दिवसांत उत्तर मिळाले: ही शिफारस परिवहन खात्याच्या अहवालाशी संबंधित नाही, सबब विचारात घेता येत नाही. मोटार चालविणे हा विषय परिवहन खात्याचा नव्हे, असा याचा अर्थ झाला.

पुढे २६ सप्टेंबर २०१७ रोजी राजे सलमान यांचा फर्मान निघाला आणि २४ जून २०१८ पासून स्त्रियांच्या हाती मोटारीचे चाक आले. फर्मानात ज्येष्ठ धर्मशास्त्र्यांच्या बहुमताचा उल्लेख होता. ज्या मंडळात हा प्रश्न दोनदा दारातूनच परतविण्यात आला होता, त्या मंडळाच्या मतदानातून हा निर्णय आला नव्हता. इतकेच नव्हे, तर दिवस उजाडण्यास काही आठवडे उरले असता, मे २०१८ मध्ये, हाच हक्क मागणाऱ्या कित्येक स्त्रियांना अटक झाली. त्यांपैकी लुजैन अल-हथलूल या तरुणीची सुटका फेब्रुवारी २०२१ मध्ये झाली. हक्क मिळाला, परंतु तो मागितल्याने मिळाला असे कोणी समजू नये, असाच जणू तो संदेश होता.

त्याच मे महिन्याच्या अखेरीस विनयभंग व छळवणूक यांविरुद्धचा कायदा या मंडळाने मंजूर केला व दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळाने त्यास संमती दिली. वरून इच्छा झाली म्हणजे हे सभागृह किती त्वरेने चालू शकते, हे यावरून दिसते. मोटारीच्या प्रश्नास तेरा वर्षे लागली ती सभासद भांडत बसले म्हणून नव्हेत; त्यांना भांडू दिले गेले नाही म्हणून.

मौनाची कोंडी

येथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानी घ्यावी. पक्ष नसले म्हणून मते नाहीशी होत नाहीत. त्या मंडळातही सुधारणा हवी म्हणणारे होते आणि परंपरा राखावी म्हणणारे होते. फरक इतकाच की, या दोन बाजूंना नाव नव्हते, नेता नव्हता, मतदार नव्हते. कोणी कोणाला अडविले याची नोंद लोकांपुढे येत नव्हती. आपल्याकडे एखादे विधेयक अडले तर कोणत्या पक्षाने अडविले हे शाळकरी मुलासही ठाऊक असते, व पुढील निवडणुकीत त्याचा जाब विचारता येतो. तेथे जाब कोणास विचारावयाचा?

शिक्षकी पेशातील अनुभवाने आम्हांस हे परिचित आहे. तपासनीस येतात तेव्हा वर्ग चिडीचूप बसलेला असतो आणि ते संतुष्ट होऊन जातात. परंतु त्या शांततेवरून धडा किती मुलांस समजला हे कळत नाही. ज्या वर्गात मुले हात वर करतात, एकमेकांची उत्तरे खोडतात, तेथे गलका होतो खरा, पण कोणास काय समजले नाही ते तत्काळ उघडकीस येते.

याचा अर्थ पक्षांच्या सभागृहात सर्व आलबेल असते असा आम्ही मुळीच करीत नाही. आपल्या मातृभूमीचे उदाहरण पाहा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदेमंत्री या नात्याने हिंदू संहिता विधेयक संसदेपुढे मांडले. विरोधी पक्ष त्या वेळी दुर्बळ होता. अडथळा आला तो सत्ताधारी पक्षाच्याच पोटातून. वर्षानुवर्षे कलमांवर चर्वितचर्वण झाले, आणि अखेर २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी राजीनामा दिला. त्यानंतर सभागृहात निवेदन वाचण्यापूर्वी त्याची प्रत आगाऊ मागण्यात आली, तेव्हा ते सभात्याग करून निघून गेले व निवेदन वर्तमानपत्रांस दिले. केवढी ही व्यथा! परंतु त्यांनी का राजीनामा दिला हे साऱ्या देशास कळले. पुढील संसदेने १९५५ व १९५६ साली त्याच विधेयकाचे चार भाग करून चार कायदे केले. आजही भारतातील कोट्यवधी हिंदू स्त्रियांचे विवाह व वारसा यांचे हक्क त्या कायद्यांवर उभे आहेत.

महिला आरक्षणाचे विधेयक तर १९९६ मध्ये प्रथम मांडले गेले, २०१० मध्ये राज्यसभेत संमत होऊन लोकसभेत पडून राहिले, आणि २०२३ च्या सप्टेंबरात दोन्ही सभागृहांत मंजूर झाले. सत्तावीस वर्षे! त्याच २०१० सालचे संसदेचे हिवाळी अधिवेशन दूरध्वनी लहरींच्या वाटपावरील वादात जवळजवळ संपूर्णपणे वाया गेले. ही उधळपट्टी समर्थनीय नाही. परंतु तिचा हिशेब उघडा आहे, व तो मागण्याचा हक्क मतदाराजवळ आहे.

सौदी अरबस्तानच्या शेजारी असलेल्या कुवेत या लहानशा देशाची गोष्ट तर अगदी अलीकडची आहे. तेथे मान्यताप्राप्त पक्ष नाहीत, पण निवडलेले सभागृह होते व ते मंत्र्यांस जाब विचारीत असे. मंत्री आणि सभासद यांचे जमेना, सभागृह पुनःपुन्हा बरखास्त होई. डिसेंबर २०२०, सप्टेंबर २०२२, जून २०२३ व एप्रिल २०२४ अशा चार निवडणुका तेथेही झाल्या. अखेर १० मे २०२४ रोजी तेथील अमीरांनी सभागृह बरखास्त केले आणि घटनेतील काही कलमे जास्तीत जास्त चार वर्षांपर्यंत तहकूब ठेवली. पक्ष नसल्याने कोंडी टळली नाही. कोंडी फोडावयाची म्हणून दारालाच कुलूप लागले.

आपलीच गोष्ट

आता आमच्या मित्रांस एक प्रश्न विचारावासा वाटतो. १९६४ साल आपण विसरलो काय?

१९६२ च्या आरंभी मुख्य रब्बीपीठाने विवाह लावणाऱ्या रब्बींस सूचना पाठविल्या. बेने इस्रायल वधूचा वा वराचा इतर समाजात विवाह व्हावयाचा असेल तर त्यांच्या आई, आजी व त्याहीपूर्वीच्या पिढ्यांची चौकशी करावी, असा त्यांचा आशय होता. ज्या समाजाने कोकणात शतकानुशतके शब्बाथ पाळला, शनिवारी घाणा बंद ठेवून शनवार तेली हे नाव मिळविले, त्या समाजास आपल्या यहुदीपणाचा दाखला आणावयास सांगण्यात आले. त्या दिवसांत आपल्या वडीलधाऱ्यांनी किती अश्रू गाळले, ते ज्यांनी पाहिले तेच जाणतात. त्यांनी अर्ज केले, सभा भरविल्या, आणि १९६४ च्या उन्हाळ्यात लहान मुलांसह, साड्या नेसलेल्या आयाबहिणींसह जेरुसलेम येथे येऊन धरणे धरले.

त्या वेळचे सरकार अनेक पक्षांच्या आघाडीचे होते व धार्मिक पक्षही त्यात सामील होता. म्हणजे पक्षीय अडचण पुरेपूर होती, आणि विलंबही अडीच वर्षांचा झाला. तथापि आपला प्रश्न हाती घेणारे सभासद सभागृहात होते, वर्तमानपत्रांत त्यावर लिहिले जात होते, आणि सरकारला तो टाळता येईना. १७ ऑगस्ट १९६४ रोजी सुटीतून खास बोलाविलेल्या अधिवेशनात, पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या कारकीर्दीत, क्नेसेटने बेने इस्रायल हे सर्वार्थाने यहुदी आहेत व त्यांच्यात आणि इतरांत कोणताही भेद नाही असे घोषित केले. त्याच महिन्याच्या ३१ तारखेस रब्बीपीठाने सूचनांतून आपल्या समाजाचे नाव वगळले.

त्या दिवशी जर या देशात केवळ सल्लागार मंडळ असते, आणि त्याच्या अध्यक्षांनी हा विषय प्रस्तुत अहवालाशी संबंधित नाही असे सांगून कागद परत केला असता, तर आपण कोणाच्या दारी गेलो असतो? आज आपली मुले व नातवंडे ज्या सहजतेने कोणत्याही समाजात विवाहबद्ध होतात, त्या सहजतेच्या मागे एका भांडखोर सभागृहाचा ठराव उभा आहे. तो ठराव नेमलेल्या शहाण्यांनी आपण होऊन दिला नाही. तो आपल्या वडीलधाऱ्यांनी मागितला, आणि मागता येईल असे एक स्थान होते म्हणून तो मिळाला.

मतभेदाची आपल्या परंपरेस भीती नाही. हिल्लेल व शम्मई यांच्या घराण्यांतील वाद आपण आदराने जपले आहेत. कोरहच्या वादास मात्र तो मान दिला नाही, कारण त्यामागे सत्याची चाड नव्हती. प्राचीन न्यायसभेचा असा नियम सांगतात की, देहान्ताच्या खटल्यात सर्वच न्यायाधीशांनी एकमुखाने दोषी ठरविले तर आरोपीस सोडून द्यावे; कारण जेथे एकही उलट मत नाही तेथे विचार पुरता झाला नाही. कोकणातील आपल्या गावीही प्रार्थनेनंतर मुकादम व चौगुला, काजी व गबाई यांच्यासमोर वाद निघत, आणि ज्याची तक्रार असे त्यास ती सर्वांदेखत सांगता येई.

म्हणून आमची विनंती एवढीच आहे. सभागृहातील भांडणांचा वीट आला म्हणून मतदानाच्या दिवशी घरी बसू नये. आपल्या गावच्या प्रतिनिधीस पत्र लिहावे, अमुक विधेयक का अडले ते विचारावे, आणि उत्तर आले नाही तर पुन्हा लिहावे. पक्ष वाईट वागत असतील तर त्यांना बदलावे. पक्षच नकोत असे म्हणून आपल्या हातातील प्रश्न विचारण्याचे साधन टाकून देऊ नये. हीच गोष्ट आपल्या प्रार्थनालयांच्या कमिट्यांसही लागू आहे. एका गावी दोन गटांच्या वादामुळे वार्षिक सभा तीनदा तहकूब झाली, तेव्हा कमिटीच नको, एका वजनदार गृहस्थांवर सर्व सोपवावे अशी सूचना पुढे आली होती. सुदैवाने एका वृद्ध भगिनीने उठून विचारले, "मग हिशेब कोणाकडे मागायचा?" सूचना मागे घेतली गेली, चौथी सभा भरली, आणि रात्री उशिरापर्यंत वाद घालून का होईना, हिशेब मंजूर झाला.

पुढच्या सुटीत एलातला जाल तेव्हा मुलांना ते निळसर डोंगर अवश्य दाखवा. त्यांपलीकडे एका विद्वान सभासदाने एक साधा प्रश्न विचारू इच्छिला होता आणि तो त्याला सभागृहात विचारता आला नाही, ही गोष्टही सांगा. आणि १७ ऑगस्ट १९६४ हा दिवस आपल्या घरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा.